सहावीपर्यंत थांबता येणार नाही : शाळेच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांस,

स. न. वि. वि.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं आहे त्यांना ‘वागळे इस्टेटजवळची’ एवढं पुरेल. ज्यांना ओळख पटणार नाही त्यांनी आपापल्या मुलांच्या शाळेचं नाव घालून वाचलं तरी माझी हरकत नाही. याआधी तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक शिक्का आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता हे चारचौघांत.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच शनिवारी आम्ही नेहमीसारखे कागदांचे गठ्ठे आणि मेणखडूंचे डबे घेऊन आलो, तर शिपाईदादा फाटकातच ओशाळून उभे. त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं. ‘शनिवारची चित्रकलेची तासिका पुढील आदेशापर्यंत स्थगित. सदर वेळेत चाचणी सराव घ्यावा. बाहेरील व्यक्तींना वर्गात प्रवेश नाही.’ तीन वाक्यं. सही मुख्याध्यापकांची, निर्णय तुमचा.

‘बाहेरील व्यक्ती’ कोण, ते आधी सांगतो. मी ३४ वर्षं याच इस्टेटीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास, यात उमेद गेली. माझ्याकडून एक रेघ चुकली तर खाली मशिनवर माल वाया जायचा. मुलांना चित्रकला शिकवायला याच्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. माझ्याबरोबर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलेल्या पण नोकरी न मिळालेल्या दोन मुली आहेत. ठिपक्यांच्या रांगोळीत कुणाला हार न जाणाऱ्या एक ताई आहेत. आणि पेंटरकाका आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला आणि त्यांचा धंदा बसला. सात वर्षांपूर्वी सुरुवात केली, त्यातली दोन करोनात गेली. मानधन कुणालाही नाही, मागितलंही नाही. कागद इथल्याच छापखान्यांतून येतो : कटिंगचे तुकडे आणि वाया गेलेले पाठकोरे ताव. रंगांचा खर्च आम्ही आपसात वाटून घेतो.

आता त्या तासात काय चालतं ते. तुमच्यापैकी एकजणही सात वर्षांत आत येऊन बसलेलं नाही, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्या शनिवारी तिसरीच्या वर्गाला ‘काहीही काढा’ म्हटलं, तर चाळीस मुलांनी एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक घर, नारळाचं झाड, नदी, आकाशात इंग्रजी व्ही काढल्यासारखे चार पक्षी. हे चित्र महाराष्ट्रात कोण कुणाला शिकवतं देव जाणे. मीही लहानपणी हेच काढत होतो. पुढच्या शनिवारी मुलांना मैदानात नेलं आणि येऊरच्या डोंगराकडे तोंड करून उभं केलं. सकाळची शाळा. ऊन कुठे लागतंय, विचारलं. पाठीवर, म्हणाली. ठाण्यात सूर्य येऊरच्या मागे मावळतो, उगवतो तो पारसिकच्या बाजूला. वर्षानुवर्षं ही मुलं आपल्या डोंगरामागून चुकीच्या वेळी सूर्य काढत होती. एक मुलगा बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सूर्य माझ्या मागे आहे.” त्याने कागद उलटा केला आणि पाठकोऱ्याच्या छापील बाजूवर, कुठल्याशा औषधाच्या माहितीपत्रकावर, भला मोठा पिवळा सूर्य काढला. पुन्हा सुलट करून डोंगर रंगवायला घेतला.

३४ वर्षं मी एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते काढत आलो. मागून कशी, हे मला कुणी असं दाखवलं नव्हतं.

दुसरा एक मुलगा डोंगरउतारावरच्या चाळीत राहतो. ‘माझं घर’ काढायला सांगितलं, तर त्याने घर एवढंसं काढलं आणि उरलेला सगळा कागद पायऱ्यांनी भरला. मी मोजल्या, २७ होत्या. पुढे एकदा पावसात त्याला घरी सोडायला गेलो तेव्हा सवयीने चढताना मोजल्या. २७च. याच मुलाच्या प्रगतिपत्रकावर ‘२० च्या पुढे संख्याक्रम कच्चा’ असा शेरा आहे. त्याला संख्या येत नाहीत की विचारायची पद्धत त्याला परकी आहे, यावर मी निकाल देत नाही. वर्गातल्या बाईंना ते चित्र नेऊन दाखवलं, आणि त्यांनी पुढच्या आठवड्यात गणिताला पायऱ्या घेतल्या. तुमच्या फलकावरच्या ‘चाचणी सरावा’ला हे जमलं असतं का, एवढंच विचारतो.

आता तक्रारी.

पहिली, वेळेची. केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये आलं, तिसरीपर्यंत वाचता-लिहिता आणि हिशेब करता आलाच पाहिजे, हे मला मनापासून मान्य आहे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. आम्ही आठवड्याला एक तास घेत होतो, तोही परीक्षा, सुट्ट्या, गॅदरिंग वजा जाता पस्तिसेक वेळा. ८०० पैकी ३५. या पस्तीस तासांमुळे शाळेचा निकाल अडला होता, असं तुम्हाला खरंच वाटतं? शिवाय शासनानेच २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. दप्तराचं ओझं उतरवायचा दिवस म्हणून तो सांगितला गेला, आणि नेमका तोच वार तुम्ही सराव पत्रिकांना दिलात.

दुसरी तक्रार या पत्राचं खरं कारण आहे. त्याच अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितला आहे, पण सहावी ते आठवीसाठी, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कलाशिक्षकाची तरतूदच नाही. तो विषय वर्गशिक्षकांनीच घ्यायचा. त्या बाईंकडे आधीच सगळे विषय, ऑनलाइन माहिती भरणं, खिचडीची नोंद आणि अधूनमधून मतदार याद्या. त्यांच्याकडून चित्रकलेच्या तासाला ‘पुस्तकातलं बघून काढा’ होत असेल, तर मी त्यांना एका शब्दाने बोलणार नाही.

पण मुलाचं वय सहावीची वाट बघत नाही. मी पाहिलं ते असं : पहिलीतलं मूल कागद पुढे आला की विचारतच नाही, सुरू होतं. घराची भिंत पारदर्शक करून आत पोटमाळ्यावर झोपलेली आजी दाखवतं. आई महत्त्वाची म्हणून बाबांपेक्षा दुप्पट काढतं. चौथीत तेच मूल खोडरबर मागू लागतं. पाचवीत कागदावर हात आडवा धरून म्हणतं, “आजोबा, मला येत नाही, तुम्हीच काढून द्या.” ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यांत नऊ ते बारा या वयात मूल खऱ्यासारखं काढायला धडपडू लागतं आणि आपलंच चित्र त्याला खटकू लागतं. या वळणावर कुणी शेजारी बसलेलं असेल तर मूल पुढे जातं. नसेल तर हात आखडतो, आणि मग पन्नाशीतला माणूसही ‘मला साधा माणूस काढता येत नाही’ असं हसत सांगत फिरतो. कायद्याने सहावीला शिक्षक दिला तरी तोवर निम्म्या वर्गाने आपला निकाल स्वतःच लावलेला असतो. पुढे चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना बसतात ती उरलेली मुलं. त्या परीक्षांमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून तुम्हाला त्या चालतात. पण तिथे बसणारी मुलं येतात कुठून, तर पहिली ते पाचवीतून, जिथे कायद्याने जागा रिकामी ठेवली आहे. त्या रिकाम्या जागेत आम्ही सतरंजी टाकून बसलो होतो.

तिसरी तक्रार सुरक्षेच्या नावाने केलेल्या टोलवाटोलवीची. २०२४ मध्ये बदलापुरात जे घडलं त्यानंतर शाळेत येणाऱ्या प्रत्येक माणसाची चौकशी झालीच पाहिजे, अगदी माझीही. मला सहा आणि नऊ वर्षांच्या नाती आहेत. या नियमावर मी कुरकुर करेन कसा? तुम्ही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी मागितलीत, आम्ही सहाही जणांनी दाखले आणून दिले. तासाला वर्गशिक्षक हजर असतील, मुलांना एकट्याने कुठे नेणार नाही, फोटो काढणार नाही, हे आम्हीच लिहून दिलं. त्या कागदांचं काय झालं, कुणी सांगत नाही. काही कमी असेल तर तसं लिहून कळवा, आणून देऊ. पण ‘बाहेरील व्यक्ती’ म्हणून सगळ्यांना एका ओळीत बाद करणं म्हणजे सुरक्षा नव्हे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये शाळांसाठी ‘विद्यांजली’ हा उपक्रम नव्या रूपात सुरू केला, तो नेमका स्वयंसेवकांना रीतसर नोंदणी करून शाळेत आणण्यासाठी. आम्ही त्या वाटेने यायलाही तयार आहोत.

चौथी तक्रार भिंतीची. ही लिहिताना हात जरा थरथरतो, वय झालंय असं समजा.

मुतारीच्या बाजूची लांब भिंत मुलांनी रंगवली होती. गेरू, चुना, काजळी आणि उरलेला ऑइलपेंट. खालचा साडेतीन फूट पट्टा त्यांचा, कारण हात तिथवरच पोचत होता. त्यात तलावपाळीच्या होड्या होत्या, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, रिक्षात मागे बसल्यावर दिसते तशी बाबांची मान आणि आरशातले डोळे होते. मे महिन्यात ‘सुंदर शाळे’च्या स्पर्धेसाठी ती भिंत पांढरी केलीत आणि तिच्यावर फ्लेक्स ठोकलात. फ्लेक्सवर काय, तर वारली चित्र! तारपा, फेर धरलेली माणसं, सगळं एकदम सरळ आणि गुळगुळीत, संगणकावर केलेलं.

पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला, तोवर डहाणूही आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. येऊरच्या पाड्यांवर आजही वारली कुटुंबं आहेत. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर. जिव्या सोमा मशे लग्नाच्या चौकाबाहेरही रोज चित्र काढू लागले, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हातात कुठल्या कलाशाळेचं प्रमाणपत्र नव्हतं. त्या परंपरेचा मान राखायचा म्हणून तुम्ही मुलांच्या हातची भिंत पुसून छापील वारली लावलीत, यातला विनोद तुमच्या ध्यानात आला नसेल. पेंटरकाकांच्या आला. ते फ्लेक्ससमोर थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “इथेपण आला.”

पाचवी तक्रार चित्रांच्या गठ्ठ्यांची. प्रत्येक मुलाची चित्रं आम्ही वर्षवार बांधून माळ्यावर ठेवत होतो, पहिलीपासून पाचवीपर्यंत. एखाद्या मुलीच्या पाच वर्षांच्या चित्रांवर ओळीने नजर टाकली की तिची वाढ जशी दिसते तशी कुठल्या प्रगतिपत्रकात दिसत नाही. सुट्टीत ते गठ्ठे रद्दीत गेले. किलोच्या भावाने. शिपाईदादांनी जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले. त्यांना यासाठी काही बोलू नका, ही विनंती.

सहावी तक्रार लहानशी : बालदिनाला छापील चित्रात रंग भरण्याची स्पर्धा घेऊन तीन मुलांना बक्षीस आणि बाकीच्यांना टाळ्या, हे पाचवीपर्यंत तरी बंद करा. रेघेबाहेर रंग गेला म्हणून रडणारी पहिलीतली मुलगी मी पाहिली आहे.

आमच्याही चुका आहेत, त्या तुमच्या आधी मीच सांगतो. दर पावसाळ्यात आमचे दोन शनिवार बुडतात. मधल्या काळात तरुण स्वयंसेवक यायचे, मुलांबरोबर सेल्फी काढून तिसऱ्या आठवड्यात गायब व्हायचे. मुलं त्यांची नावं विचारत राहायची. फोटोबंदीचा नियम आम्ही त्यानंतर केला. एकदा पोस्टर कलरने चौथीचे अकरा गणवेश खराब झाले, आयांची बोलणी मीच खाल्ली. आणि फुकट काम करणाऱ्यावर शाळेने अवलंबून राहावं, हेही मला पटत नाही. आमच्यातला सगळ्यात तरुण हात पंचविशीतला आहे, सगळ्यात म्हातारा माझा. संस्थेने पहिली ते पाचवीला स्वतःचा कलाशिक्षक नेमला तर मी डबे त्याच्या हवाली करून घरी जाईन. तुम्ही आम्हाला काढलंत, पण त्या जागी कुणाला आणलं नाहीत, हे माझं दुखणं.

परवडत नाही, हेही कारण ऐकलं. तर याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागडी साधनं आणायला पैसे नव्हते, म्हणून बिया, शिंपले, खडे, पानं, माती यांतून साधनं उभी केली. मूल शाळेत येत नाही तर शाळा अंगणात नेली. पैसा नाही म्हणून मुलांच्या हातातलं काम बंद करावं, असं त्यांना सुचलं नाही. आमच्या तासाला तर संस्थेचा एक रुपया लागत नाही. लागते ती एक खोली आणि एक तास.

मागण्या साध्या आहेत.

१. पहिली ते पाचवीसाठी शनिवारचा चित्रकलेचा तास वेळापत्रकात छापून द्या. ‘जमेल तेव्हा’ नको.

२. स्वयंसेवकांसाठी नियम लेखी करा. पडताळणी, हजेरीपट, वर्गशिक्षकांची उपस्थिती आणि वर्षभर येण्याची हमी. जो मोडेल त्याला काढा, मी मोडला तर मलाही.

३. फ्लेक्स उतरवा किंवा वर सरकवा. खालचा साडेतीन फूट मुलांना परत द्या. चुना आमचा.

४. मुलांची चित्रं पाचवी संपल्यावर त्यांच्या घरी द्या. रद्दीत नाही.

५. हा विषय व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत घ्या. अनुदानित शाळेत ही समिती सल्लागार असते, ठाऊक आहे. पण तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात ते सल्ला विचारण्यासाठीच ना? त्यातल्या निदान चार आया या विषयावर बोलायला तयार आहेत. त्यांना आधी बोलू द्या, मी शेवटी बोलेन किंवा बोलणारही नाही.

संस्थापकांनी ही शाळा कामगारांच्या मुलांसाठी काढली, त्या काळी इस्टेटीत भोंगे वाजायचे. भोंगे गेले, निम्मे कारखाने गेले, त्यांच्या जागी आयटी पार्क आणि बँकांच्या कचेऱ्या आल्या. मुलं मात्र अजून त्याच चाळींतून येतात. मोठ्या शाळांच्या मुलांना चित्रांचा क्लास लावता येतो, घोडबंदर रोडला प्रत्येक संकुलात एक आहे. आपल्या मुलांना हा एकच तास होता.

उत्तराची वाट पाहतो. यावेळी आवक शिक्क्याची गरज नाही.

आपला नम्र,
शनिवारचा ड्रॉइंगवाला आजोबा
सावरकर नगर, ठाणे

ता. क. : जिन्याखालच्या कपाटाची किल्ली मी जूनमध्ये ऑफिसात जमा केली आहे. आत गणपतीसाठी भिजवलेली शाडू माती आहे, दोन बादल्या. वरचा फडका आठवड्यातून दोनदा ओला करावा लागतो. शिपाईदादांना तेवढं सांगा, किंवा मला दहा मिनिटं आत येऊ द्या.